कमी खर्चातील चित्रपट : दिव्यांआधी सूर्याचे वेळापत्रक

धाराशिव : प्रतिनिधी

थोडक्या पैशांत चित्रपट करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा दिवे किती भाड्याने घ्यावेत, हा असतो. वास्तविक कोणते दृश्य किती वाजता टिपायचे, हे आधी ठरावयास हवे. दिवे, जनरेटर आणि लाइटमन यांचा खर्च रोजचा. एक दिवस वाया गेला तरी तो चुकत नाही.

दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सूर्यप्रकाशावरच चित्रित केला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी कृत्रिम दिव्यांचा आधार घेतला तो 'सिंहगड' (१९२३) मध्ये, रात्रीच्या दृश्यांसाठी. दिवे गरजेपुरतेच, हे धोरण आजही उपयोगी आहे.

धाराशिव सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैअखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा उन्हात पात्राच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. डिसेंबरात तोच सूर्य माध्यान्हीही ४८ अंशांच्या आसपास राहतो आणि चेहऱ्यावर तिरका प्रकाश मिळतो. मात्र दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. येथे घड्याळात बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाली, असेही नाही. प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेस असल्यामुळे ती ऋतूनुसार साधारण १२.१० ते १२.४० दरम्यान येते. उन्हाळ्यात जेवणाची सुट्टी त्याच वेळी ठेवावी.

खरी कसोटी माळवदाच्या घरात लागते. जाड भिंती, लहान खिडक्या आणि छताला एखादा झरोका. त्यातून उतरणारा कवडसा देखणा असतो, पण तो सतत सरकतो. पहिल्या शॉटमध्ये चेहऱ्यावर असलेला कवडसा तासाभराने भिंतीवर गेलेला असतो आणि संकलनात दृश्य जुळत नाही. झरोक्यावर पांढरे सुती कापड ताणले, की प्रकाश पसरून बराच वेळ सारखा राहतो. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो' (१९५६) साठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत उभारलेल्या वाराणसीच्या घराच्या चौकावर असेच कापड ताणले होते. तेथे खालून सोडलेला दिव्यांचा प्रकाश कापडावरून परतवला होता.

अशा घरात पाच अँपिअरच्या सॉकेटवर एक किलोवॅटचा एकच दिवा चालतो. वायरिंग जुने असेल, तर वायरमनला दाखविल्यावाचून तोही लावू नये. एलईडीमुळे हा भार बराच हलका झाला आहे. टंगस्टन दिव्याचा प्रकाश ३२०० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचा सुमारे ५६०० केल्विन असतो. दोन्ही एका चौकटीत आले तर चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळसर दिसतो. दिव्यावर निळा जिलेटिन कागद लावावा, किंवा खिडकी झाकावी.

जागेची पाहणी दुपारी आणि चित्रीकरण सकाळी, ही चूक सर्रास होते. पाहणी दृश्याच्या वेळीच करावी. नळदुर्गच्या किल्ल्यात काळा दगड प्रकाश फारसा परतवत नाही. थर्माकोलचा पांढरा पत्रा आणि वाऱ्यात तो धरून उभा राहणारा माणूस लागतोच. वास्तू संरक्षित असल्याने परवानगीही आधी घ्यावी लागते. अर्जापूर्वी एवढे मात्र विचारून घ्यावे, की सूर्योदयानंतरचा पहिला तास त्या वेळेत बसतो का.