द्विशक्ती रेल्वेगाडी

द्विशक्ती रेल्वेगाडी : तारेतून किंवा विजेच्या तिसऱ्या रुळातून मिळणाऱ्या विजेवर आणि तो पुरवठा संपल्यावर स्वतःच्या डिझेल इंजिनावर धावणारी गाडी किंवा लोको. भारतातल्या बहुतेक डिझेल लोकोंचीही चाके विद्युत मोटारीच फिरवतात, पण बाहेरची वीज त्यांना घेता येत नाही. म्हणून त्या या प्रकारात बसत नाहीत. मुंबईच्या आसपास १,५०० व्होल्ट डीसी आणि २५,००० व्होल्ट एसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चाललेल्या ‘डब्ल्यूसीएएम’ लोकोही निराळ्या. त्यांना दोन्हीकडे तार लागेच.

द्विशक्ती गाडीत मोटारींचा संच एकच असतो, आणि खरी काटकसर तिथेच आहे. तारेखाली पेंटोग्राफने घेतलेली वीज रोहित्रातून आणि परिवर्तकातून मोटारींकडे जाते. तार संपली की पेंटोग्राफ खाली येतो, डिझेल इंजिन जनित्र फिरवू लागते आणि त्याच मोटारींना तिथून वीज मिळते.

अमेरिकेत या गाडीची गरज न्यूयॉर्कच्या बोगद्यांमुळे निर्माण झाली. ८ जानेवारी १९०२ रोजी पार्क अव्हेन्यूखालच्या बोगद्यात धुरामुळे सिग्नल न दिसून झालेल्या टकरीत १५ प्रवासी दगावले. पुढे मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांना बंदी झाली आणि ग्रँड सेंट्रल स्थानकात विजेचा तिसरा रूळ आला. न्यू हेवन रेल्वेने १९५६–६० दरम्यान घेतलेल्या ६० ‘एफएल-९’ लोको बाहेर डिझेलवर आणि स्थानकाच्या भुयारी मार्गात त्या रुळावर चालत. ब्रिटनच्या दक्षिण विभागात १९६२मध्ये आलेल्या ‘क्लास ७३’मध्ये भर विजेवर होता : विजेवर १,६०० अश्वशक्ती, डिझेलवर केवळ ६००. तिसरा रूळ नसलेल्या यार्डांत आणि गोद्यांत तेवढी पुरे.

आजचे ठळक उदाहरण म्हणजे लंडनहून वेल्सला जाणारी हिताचीची ‘क्लास ८००’. ती ऑक्टोबर २०१७मध्ये प्रवासी सेवेत आली. नऊ डब्यांच्या गाडीत पाच डब्यांखाली डिझेल इंजिने आहेत. पेंटोग्राफ धावत्या गाडीतच वरखाली होतो. या मार्गासाठी मागवलेल्या २१ गाड्या मुळात विजेवर चालायच्या होत्या. विद्युतीकरण रखडल्याने त्यांतही डिझेल इंजिने बसवावी लागली. जुलै २०१७मध्ये ब्रिटिश सरकारने कार्डिफ–स्वान्सी विद्युतीकरण रद्द केले आणि कारण पुढे केले ते या गाड्यांचेच. प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही, हा लाभ मोठा आहे. पण तारांखालीही इंजिनांचे आणि इंधनाचे ओझे वाहावे लागते, आणि डिझेलवर गाडीचा जोर कमी पडतो. तारा टाकणे टाळायला ही गाडी निमित्त ठरावी, हे तिच्या गुणांचे दुर्दैव होय.

कोकण रेल्वेवर वाटेत तारा संपण्याचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. मुंबईहून निघालेल्या गाड्यांना वाटेत इंजिन बदलावे लागे, किंवा तारांखालूनही डिझेल लोकोच ओढत नेई. २०२२मध्ये रोहा ते ठोकूर संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि ती अडचण सरली.

अलीकडे डिझेलच्या जोडीला बॅटरीही आली आहे. इटलीत २०२२पासून धावणाऱ्या हिताचीच्या ‘ब्लूज’ गाड्या तार, डिझेल आणि बॅटरी अशा तिन्हींवर चालतात. स्थानकात शिरताना त्यांना डिझेल बंद ठेवता येते.