दगड, चुना आणि सिमेंट

मनुष्याने निवाऱ्यासाठी पहिली भिंत उभारली, तेव्हाच स्थापत्यविद्येचा जन्म झाला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडो येथे भाजक्या विटांची घरे व झाकलेली गटारे होती. आपल्याकडे आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कळसाकडून पायाकडे कोरीत आणले गेले.

अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे. अशा मंदिरांस आपण हेमाडपंती म्हणतो. परंतु यादवांचा मंत्री हेमाडपंत तेराव्या शतकातला, म्हणजे ही पद्धत त्याच्याही आधीची होय. या बांधणीत चुना नसतो. घडीव दगड खाचा पाडून एकमेकांत बसवितात व त्यांच्या वजनावरच सारी इमारत तोलली जाते.

पुढे घाणीत मळलेल्या चुन्याने वाडे व पूल उभे राहिले. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. काँक्रीटने प्रचंड धरणे, तर लोखंडी सळईची जोड मिळताच उंच इमारती शक्य झाल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणास तडे गेले, तरी ते फुटले नाही. पुढे त्याचे मजबुतीकरण झाले.

मात्र ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती कोसळून हजारो माणसे गाडली गेली. दगड तोच काळा, फरक सांधणीचा. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक घरांत नव्हते.

देवळाच्या जीर्णोद्धाराबरोबरच प्रत्येकाने आपल्या घराच्या भिंतीही जाणत्या गवंड्याकडून पाहून घ्याव्यात. तेही देवकार्यच होय.