आरसी बुक, काळा प्लग आणि माझा खोडलेला परिच्छेद

परभणीतल्या गॅरेजांचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा मी आधी कागद गोळा केले. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ सांगतं की इंजिन बदलायचं तर परवानगी हवी आणि नोंद आरसीवर चढायला हवी. मी पाहिलेल्या एकाही आरसीवर तशी नोंद नव्हती. मग मी ठोकून दिलं: इथे इंजिनबदल जवळपास होत नसे.

पुढच्याच आठवड्यात गॅरेजात एक जुनी जिप्सी आली. कागदावर ९७० सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन, बॉनेटखाली एस्टीमचं १२९८ सीसी एमपीएफआय! सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९च्या दिल्लीबाबतच्या आदेशानंतर कार्बोरेटर झपाट्याने मागे पडला, आणि पुढे भंगारातही इंजेक्शनवाली इंजिनं येऊ लागली. (पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणं त्याहून जुनं. डिझेल स्वस्त होतं, दुसरं काय!)

जिप्सी काळा धूर सोडत होती, पेट्रोलचा वास येत होता, प्लग काजळीने माखलेले. म्हणजे मिश्रण रिच. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हवं, इथे पेट्रोल जास्त. सगळे म्हणाले, इंजेक्टर गळतोय. मिस्त्रींनी आधी कूलंटचा सेन्सर तपासला, कारण त्याची वायर सुटली तर ईसीयूला इंजिन कायम थंडच वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. सेन्सर ठीक होता. मग त्यांनी थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं दाबलं आणि जोडांवर साबणाचं पाणी टाकलं. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, एक्झॉस्ट जुळवताना मारलेल्या वेल्डिंगपाशी बुडबुडे आले.

त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जायची. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसायचा, तो ‘मिश्रण लीन आहे’ असं कळवायचा आणि ईसीयू इमानेइतबारे आणखी पेट्रोल ओतायचा. सेन्सर खोटं बोलत नव्हता हो. त्याच्यापर्यंत जे पोचलं ते त्याने सांगितलं. आरसीचंही तेच: मालकाने जे कळवलं तेवढंच तिच्यात येतं. मी मात्र नोंद नाही म्हणजे घटना नाही असं धरून चाललो होतो.

परिच्छेद खोडला. आता इंजिनच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर आरसीशी ताडून पाहतो, भंगारवाल्यांच्या पावत्या मागतो. पण जिप्सीचे मालक निघताना म्हणाले, “दादा, गाडीचा नंबर तेवढा लिहू नका.” नाही लिहिला. त्यावर मार्गदर्शक मॅडमचा प्रश्न: मग हा पुरावा दुसऱ्याने तपासायचा कसा? प्रकरण सध्या त्यांच्या टेबलावर आहे.