दरीची हांक

सायंकाळीं रानांतून गुरें परतूं लागलीं म्हणजे त्यांच्या गळ्यांतील घंटांचा नाद आधीं कानीं येतो आणि धूळ मागाहून दिसते. यवतमाळच्या लगत असलेल्या लोहाऱ्यासारख्या गांवाला या नादाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. गुराख्याची शीळ, त्याची हाळी, घंटांची किणकिण हें सारें शब्दांवांचूनच बोलतें. या निःशब्द बोलण्याला ध्वनिमुद्रिकेवर मानाचें स्थान कसें मिळालें, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्याचा एक धागा थेट वऱ्हाडांतून निघतो.

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांनीं ‘शीळ’ नांवाची कविता लिहिली. रानांतून येणाऱ्या शिळेनें व्याकुळ झालेल्या मनाची ती कविता होय. गायक जी. एन. जोशी यांनीं ती १९३२ च्या सुमारास गाऊन ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताच्या युगाचा प्रारंभ जाणकार या ध्वनिमुद्रिकेपासून मानतात. नाट्यसंगीताच्या तानांचा सोस बाजूस ठेवून कवीच्या शब्दाला जपणारें असें तें गायन होतें. मात्र त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक अवकाश नसे. एवढ्यांत एक भाव उभा राही. संबंध दिवसाची कथा सांगणें शक्य नव्हतें.

हेच जोशी पुढें ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रण विभागांत अधिकारी झाले. दुसऱ्याचा आवाज जतन करण्याचें काम ज्यानें पत्करलें, त्याचा स्वतःचा आवाज बहुधा मागें पडतो. परंतु गायकाचें मन नाहींसें होत नाहीं. १९६७ मध्यें जोशी यांच्या देखरेखीखालीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजेच ‘दरीची हांक’, ही ध्वनिमुद्रिका निघाली. तोंपर्यंत तबकडीची एक बाजू सुमारें वीस मिनिटें चालूं लागली होती. संतूरवर शिवकुमार शर्मा, बांसरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारीवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर, असा हा मेळ होता. पहिले तिघे त्या वेळीं तिशीच्या उंबरठ्यावर होते.

या मेळांत सर्वांत परकी म्हणावी अशी गिटारच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांतील वादकांनीं गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची कांडी फिरविण्याची रीत रूढ केली. ती रीत हिंदुस्थानांत आली, आणि चित्रपटगीतांच्या साथीला व हॉटेलांतील करमणुकीला लागली. अशा वाद्यावर राग काय वाजणार, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक होतें. जोधपूरच्या काबरा यांनीं (१९३७–२०१८) त्या प्रश्नास वादानें नव्हे, वादनानें उत्तर दिलें. सरोदवादक अली अकबर खां यांच्याकडे त्यांनीं तालीम घेतली, गिटारीला चिकारीच्या तारांची जोड दिली, आणि हें वाद्य रागसंगीतालाच वाहिलें.

हिंदुस्थानी संगीताचा प्राण मींडेंत आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटतां जाणें, हें कंठाला जितकें सहज, तितकें वाद्याला कठीण. संतूरच्या तारांवर लहान काठ्यांनीं आघात होतो. स्वर चमकतो आणि लगेच विरूं लागतो. बांसरीचा स्वर टिकतो, पण श्वासाबरोबर त्यालाही थांबावें लागतें. गिटारीच्या तारेवरून सरकणारी कांडी मात्र स्वरास स्वर जोडीत जाते. जें वाद्य परकें म्हणून दूर ठेवावयाचें, तेंच येथें कंठाच्या सर्वांत जवळ आलें. गाणारा कोणीही नसतां ही ध्वनिमुद्रिका गायिल्यासारखी वाटते, याचें बरेंचसें रहस्य येथें आहे.

तिचा विषय आहे एका मेंढपाळाचा दिवस. पहांट अहीर भैरवांत उजाडते, नट भैरवांत ऊन वर येतें, दुपार पिलूंत कलते, सांज भूपांत उतरते. मग देसांतून रात्र येते, आणि पहाडींत कथा विसावते. रागांचे प्रहर आपल्या परंपरेंत आधींच ठरलेले होते. येथें त्या प्रहरांनाच कथानक केलें, ही खरी नवी दृष्टि होय. काटेकोर रसिक म्हणेल कीं, यांत रागाचा पूर्ण विस्तार नाहीं. तें खरेंच आहे. परंतु मैफलीची जागा घेण्याचा या मुद्रिकेचा दावाच नाहीं. मैफलीच्या दाराशीं नवख्या श्रोत्याला आणून सोडण्याचें काम तिनें केलें.

तो श्रोता केवळ भारतांतलाच नव्हता. १९६६ मध्यें ‘बीटल्स’ मेळाचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन सतार शिकण्यासाठीं पंडित रविशंकर यांच्याकडे आला होता, आणि रॉक संगीताच्या तरुण रसिकांचे कान पूर्वेकडे लागले होते. कर्णा फुंकल्यासारखी कडाडणारी गिटार त्यांच्या ओळखीची होती. कांच किंवा लोखंड तारेवरून फिरवून तिला रडविणारे अमेरिकेंतील कृष्णवर्णी वादकही त्यांना ठाऊक होते. त्याच जातीच्या वाद्यांतून पिलूची हुरहूर ऐकूं आली, तेव्हां रागाशीं त्यांची ओळख परक्या मार्गानें झाली नाहीं. पश्चिमेकडे ही मुद्रिका फार आवडीनें ऐकली गेली, तें यामुळेंच.

शिवकुमार आणि हरिप्रसाद यांचीं नांवें पुढें घरोघरीं पोंचलीं. काबरा यांची कीर्ति त्या मानानें जाणकारांपुरतीच राहिली, आणि जोशी यांचें नांव तर तबकडीच्या वेष्टनावरही शोधून वाचावें लागतें. तरी १९३२ ची शीळ आणि १९६७ ची हांक एकामागून एक ऐकणाऱ्यास दोहोंमधील नातें उमगल्यावांचून राहणार नाहीं. पहिलींत शब्दानें सुराला वाट दाखविली. दुसरींत शब्दाची सोबत न घेतां सूर तीच वाट चालून गेला.