तिफणीची शाळा

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी खालावले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या पळसनाथाचे पुरातन मंदिर उघडे पडते आणि ते पाहावयास माणसांची रीघ लागते; परंतु करमाळे, माढे आणि इंदापूर या तालुक्यांतील भीमाकाठच्या ज्या गावठाणांवर हे पाणी पसरले, तेथे आणखी एक संस्था नांदत होती आणि ती कोणत्याही उन्हाळ्यात पुन्हा वर येणार नाही. ती संस्था म्हणजे गावचे सुतारमेट, सुताराच्या कामाची जागा.

सुतार आणि लोहार हे बलुतेदारांच्या थोरल्या कासेतले, म्हणजे पहिल्या ओळीचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही व्यवस्था साक्षेपाने वर्णिली आहे. सुताराचा मुलगा हत्यार धरावयास शिके तो टाकाऊ फळीवर नव्हे, तर त्याच हंगामात पेरणीस जुंपावयाच्या तिफणीवर, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजारावर. आणि तिफण तर एका हाताचे काम नव्हतेच. दिंड, फण आणि चाडे सुताराने घडवावे, फणांची लोखंडी टोके लोहाराने ठोकून द्यावी, बी उतरण्याचे नळे वेळूचे बसवावे, आणि काळ्या भारी रानास फणांत अंतर किती, मुरमाड माळास किती, शाळूची ओळ केवढ्या अंतराने हवी, हे ज्याच्या शेतात ती चालावयाची त्या कुणब्याने मेटावर उकिडवे बसून सांगावे, अशी ती मसलत असे. शिकाऊ पोराच्या हातून कसूर झाली, तर वाकडी ओळ कापणीपर्यंत साऱ्या गावास दिसे, आणि सुगीत बलुत्याच्या पेंढ्या मागावयास त्याच कुणब्याच्या खळ्यावर जावे लागे. याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही. मात्र या शाळेचे दार जातीने आणि जन्माने बंद होते, मुलींना तर तेथे प्रवेशच नव्हता, आणि हा दोष मी लहान मानीत नाही.

अशा हातकौशल्याचे मोल परक्यांनाही कळले होते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारास सादर केलेल्या अहवालात पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडलेल्या साध्या लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली आणि मेटावर चालत होते तेच, म्हणजे प्रत्यक्ष काम करीत शिकणे, हे तिचे तत्त्व ठरले. इकडे भीमाकाठी मात्र १९६६ मध्ये उजनी धरणाचा पाया घातला गेला. १९८० मध्ये धरण पुरे झाले. सुतार नव्या गावठाणात आले खरे, पण ज्या रानाच्या मापाने तिफण घडे ते रान बुडाले, मसलतीस बसणारे कुणबी निरनिराळ्या वसाहतींत पांगले, आणि पाण्याच्या काठी शाळूच्या जागी ऊस व बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला.

ज्यांच्या माळ्यावर अजून एखादी जुनी तिफण पडून असेल, त्यांनी ती सरपणात घालण्यापूर्वी फणांमधील अंतर मोजावे, कोणत्या गावच्या कोणत्या रानासाठी ती केली होती हे घरातील वृद्धांस विचारावे, आणि घडविणाऱ्या सुतार-लोहारांच्या नावांसह ते वहीत लिहून ठेवावे.