चाचण्या वाढवल्याने आजार टळत नाहीत

माझी मावशी पाथर्डी तालुक्यात राहते. वय ६२. मागच्या दिवाळीत तिच्या मुलाने तिला नगरला आणून 'फुल बॉडी चेकअप' करवून घेतलं. आईसाठी पैसे खर्च करताना त्याने मागेपुढे पाहिलं नाही, याचं कौतुकच आहे. चार दिवसांनी मावशी चौदा पानांचा रंगीत रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. ऐंशी चाचण्या, त्यातल्या सात लाल अक्षरांत. "बघ गं, काय काय निघालंय," म्हणाली. रात्रभर झोपली नव्हती.

मी चौदाही पानं वाचली. जीवनसत्त्व ड कमी, यकृताचं एक एन्झाइम दोन अंकांनी जास्त, असलं पुष्कळ होतं. बीपीचा आकडा कुठेच नव्हता. मावशी तीस वर्षं मशेरी लावते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तोंड उघडायला लावून गालफडात कुणी बॅटरी मारून पाहिलं नव्हतं. मी तिला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, पाय जमिनीला टेकवायला लावले, पाच मिनिटं बोलू दिलं नाही. मग हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवून घरच्या यंत्राचा पट्टा बांधला. १७२ वर ९८. दोन मिनिटांनी पुन्हा घेतलं, १६८ वर ९६. ऐंशी चाचण्यांत न सापडलेला आजार दहा मिनिटांत सापडला.

आता आपल्याकडे रूढ झालेलं मत आधी त्याच्या पूर्ण जोरासह मांडते. आजार लवकर कळला तर लवकर बरा होतो. म्हणून जितक्या चाचण्या जास्त तितका माणूस सुरक्षित. चाचण्यांना यंत्रं लागतात, यंत्रं शहरात असतात. तेव्हा प्रतिबंध करायचा तर वर्षातून एकदा शहरात जाऊन सगळं तपासून घ्यावं. गावचं उपकेंद्र लसीकरणाला आणि बाळंतपणाच्या नोंदीला ठीक. बाकी तिथे आशाताई फॉर्म भरतात आणि सिस्टर गोळ्या देतात. पतसंस्था, कारखाने, तरुण मंडळं या मतावर विसंबून शिबिरं घेतात, मुलं आईबापांना पॅकेज भेट देतात. हेतू सगळ्यांचा चांगला आहे. मत मात्र चुकीचं आहे, आणि निदान नगर जिल्ह्यात तरी ते कुणी मांडू नये, कारण ते खोटं आहे हे याच जिल्ह्याने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

पहिला मुद्दा साध्या गणिताचा. प्रयोगशाळेच्या कागदावर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक चाचण्यांसाठी शंभरातली ९५ निरोगी माणसं जिच्यात बसतात अशी आखलेली असते. उरलेली पाच निरोगी असूनही बाहेर पडतात. म्हणजे ऐंशी चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाच्याही सरासरी चार चाचण्या लाल येणार. मावशीच्या सातांतल्या बहुतेक अशाच होत्या. त्या लाल अक्षरांमागे पुढची सोनोग्राफी, पुढचा तज्ज्ञ, पुढची फी उभी असते, आणि घरात धास्ती.

याचं टोक दक्षिण कोरियात दिसलं. तिथे १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली आणि तिच्यासोबत थोड्या जास्त पैशांत थायरॉइडची सोनोग्राफी होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या आजाराने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. लवकर निदानाने जीव वाचत असते तर मृत्यू घटायला हवे होते. घटले नाहीत, कारण सापडलेल्या बहुतेक गाठी माणसाला आयुष्यभर कधीच त्रास देणाऱ्या नव्हत्या. ग्रंथी मात्र हजारोंच्या काढल्या गेल्या, आणि ती माणसं जन्मभराच्या गोळ्यांना बांधली गेली.

डेन्मार्कचा प्रयोग याहून बोलका आहे, आणि तो माझ्या बाजूलाही अडचणीत आणणारा असल्यामुळे टाळणं बरं नाही. तिथे जवळपास ६० हजार लोकांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटाला तपासणीचं आमंत्रण दिलं, धोका असलेल्यांना पाच वर्षं आहार-व्यसनांबद्दल समुपदेशनही दिलं. दहा वर्षांनी हृदयविकार, पक्षाघात, मृत्यू, कशातच फरक दिसला नाही. मग समुपदेशनही निरुपयोगी, असं प्रतिपक्ष म्हणेल. पण डेन्मार्कमध्ये जवळपास प्रत्येक नागरिकाचा ठरलेला घरचा डॉक्टर असतो. गेल्या वेळचं बीपी त्याच्या लक्षात असतं, वाढलं तर तो तिथेच बोलतो. या रोजच्या कामावर वर्षाच्या तपासणीने काही भर घातली नाही, एवढंच त्या प्रयोगातून सिद्ध होतं. आपल्याकडे ते रोजचं कामच नाही आणि आपण थेट पॅकेज घेतो.

मग तपासण्या करायच्याच नाहीत का? करायच्या, पण कोणत्या, कुणाच्या, आणि निघाल्यावर पुढे काय, हे ठरवून. विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच याच्या कसोट्या लिहून ठेवल्या: आजार महत्त्वाचा हवा, त्याची सुरुवातीची अवस्था ओळखता यायला हवी, आणि सापडल्यावर उपचार हाताशी हवा. हातात दिवा घेऊन विहिरीत वाकून पाहायचं असेल तर दोरही जवळ हवा, एवढी ही साधी गोष्ट.

या कसोट्यांना उतरणाऱ्या तपासण्यांचा मोठा पुरावा मराठी मुलखातूनच जगाला मिळाला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? नगर जिल्ह्यातल्या जामखेडच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले होते. (तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. ती टीका मला रास्त वाटते. त्या बायकांचं ऋण आपल्यावर आहे, आणि जे कळलं ते वापरात न आणणं म्हणजे ते बुडवणं.) मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्याच दीड लाख बायकांच्या अभ्यासात साध्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच, लावून मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते पाहिलं. या आजाराचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनांची तपासणी केली. एकूण गटातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. केरळात तंबाखू-दारू घेणाऱ्यांची तोंडं आरोग्यसेवकांनी उघडून पाहिली, आणि तोंडाच्या कर्करोगाने त्यांच्यात होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

एचपीव्हीचा नमुना तेवढा प्रयोगशाळेत जातो. बाकी सगळ्याला लागलं काय, तर प्रकाश, हात, व्हिनेगर, बॅटरी आणि शिकवलेली बाई. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. स्तनांची आणि तोंडाची प्रत्येकी ०.९ टक्के.

ही पोकळी रिकामी राहत नाही, तिच्यात भीती शिरते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून आणि पलीकडे बीडकडून हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. खाडा पडला की दंड, म्हणून पाळी ही त्यांना अडचण वाटते. अंगावरून पांढरं जातंय म्हणून एखादी दवाखान्यात गेली की पुष्कळदा ऐकायला मिळतं, "पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल." उचल घेऊन ती पिशवी काढून टाकते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी आली; १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींना चाळिशीही लागली नव्हती. अंगावरून जाणं बहुतेक वेळा साध्या औषधाने बरं होणारं असतं. कर्करोगाची शंका असेल तर ती फेडणारी चाचणी सीमेपलीकडच्या जिल्ह्यात त्याच्या दहा वर्षं आधीच सिद्ध झाली होती. त्या बाईला गावातच एकीने तपासून, "तुझी पिशवी चांगली आहे, हे औषध सात दिवस घे, मग मी येते," एवढं सांगितलं असतं तर शस्त्रक्रिया टळली असती. समुपदेशन म्हणजे हेच वाक्य. त्याला फुकटचा उपदेश समजणाऱ्यांनी या १३ हजार बायकांचा विचार करावा.

आणि "मग मी येते" म्हणणारी बाई कशी घडवायची, हे जामखेडने दाखवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९६० च्या दशकात नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. बरी करून पाठवलेली माणसं तेच आजार घेऊन परत येतात, आणि त्यांतले बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत, हे त्यांना तिथे दिसलं. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. आधी प्रशिक्षित नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या, जमलं नाही. मग गावांनीच आपापल्यातली एक बाई निवडून दिली. बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच दलित. त्या आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि परत जात. मुलाचं वजन घेणं, गरोदर बाईच्या पायाला बोट दाबून सूज पाहणं, अंगावरचा बधिर चट्टा ओळखणं, आणि मुख्य म्हणजे जे दिसलं ते सासूला, नवऱ्याला पटवून देणं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ च्या आपल्या पुस्तकात जामखेडला स्थान दिलं. तीन वर्षांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा अल्मा-आटा जाहीरनामा आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली गावांनी निवडलेल्या त्या बायकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांपुढे बोलल्या.

प्रकल्पाचे स्वतःचे आकडे फार उत्साहवर्धक आहेत. मी मुद्दाम बाहेरच्या संशोधकांचा आधार घेते. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने जामखेड प्रकल्पाची गावं आजूबाजूच्या गावांशी ताडून पाहिली. पहिला महिना ओलांडलेल्या, पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी होता. पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही, हेही तिथे नोंदवलेलं आहे. असा हिशेब मला पटतो.

यावर दोन आक्षेप येतात. जामखेडचे आजार अतिसार, कुष्ठरोग, कुपोषण हे होते, आजचे बीपी-शुगरचे आहेत. खरं आहे, पण बीपी हा तर महिन्यामागून महिना दार वाजवावं लागणारा आजार आहे. तो दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. सुटली की कळायला कुणीतरी लागतं. दुसरा आक्षेप, आरोळ्यांसारखी माणसं प्रत्येक तालुक्यात कुठून आणायची? इथे मी अर्धी माघार घेते. ध्यास सरकारी आदेशाने येत नाही. पण रचना आणता येते, आणि कागदावर ती आलेली आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासण्याचा कार्यक्रम २०१७ पासून आहे; २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्य केंद्रं होऊन तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले, आज त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. आशाताई घरोघरी टेप घेऊन कंबर मोजतात, तंबाखू विचारतात, गुण मांडतात. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला आधी तपासायचं. त्या एका फॉर्मचे दहा रुपये आशाताईंना मिळतात. प्रतिबंधाची साखळी जिच्यापासून सुरू होते तिच्या कामाची ही किंमत, आणि पॅकेजला आपण हजारो मोजतो. दोष आशाताईंच्या माथी मारण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

मावशी आता दर महिन्याला उपकेंद्रात जाते. गोळी फुकट मिळते. मशेरी चार वेळांवरून एकदा आली आहे, अजून सुटलेली नाही. आशाताई विचारत राहतात.

आईबापांना पॅकेज देण्याआधी त्यांना एकदा उपकेंद्रात घेऊन जा. आणि येत्या ग्रामसभेत उठून तीन आकडे विचारा: गावात तीस वर्षांवरच्या किती जणांचं बीपी यंदा मोजलं, त्यांतले किती औषधावर आहेत, आणि किती जणांचं आटोक्यात आहे. पहिला आकडा लगेच सांगतील. तिसरा मिळेपर्यंत खाली बसू नका.