मोडलेल्या पंखाची गोष्ट

पतंग फाटला कीं मूल रडतें. पण डोळे पुसून खळ आणि कागद घेऊन बसणारें मूलच पुढें कांहीं शिकतें, असें माझ्या शिक्षकी आयुष्यांत मीं वारंवार पाहिलें. विमानविद्येच्या इतिहासांतहि याचा दाखला आहे.

अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस सॅम्युएल लँग्ली हे वाफेवर चालणारीं, आंत माणूस नसलेलीं लहान विमानें उडवूं पाहत होते. ६ मे १८९६ रोजीं पोटोमॅक नदींतील नौकेवरून सहाव्या क्रमांकाचें विमान सोडतांना आधाराची तार अडकली, डावा पंख मोडला आणि तें पाण्यांत पडलें. त्याच दुपारीं पांचवें विमान अर्ध्या मैलाहून अधिक उडालें. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल तेथें हजर होते. त्या आनंदांत मोडक्या यंत्राचा विसर पडणें साहजिक होतें. पण लँग्लींनीं तें दुरुस्त करविलें, आणि त्याच वर्षीं २८ नोव्हेंबरला तें पाऊण मैलाहून अधिक दूर गेलें. पडलेल्यानें यशस्व्याला मागें टाकलें!

पुढें १९०३ सालीं त्यांचें माणूस नेणारें विमान दोनदां नदींत कोसळलें. दुसऱ्या अपघातानंतर नऊच दिवसांनीं राइट बंधूंचें विमान उडालें. लँग्लींजवळ पैसा उरला नव्हता. वृत्तपत्रांचा उपहास मात्र भरपूर होता. १९०६ सालीं ते वारले.

मोडलेलें जोडण्यास कौशल्य लागतें, हें खरें. पण त्याहून अधिक लागतो तो भोंवतालच्यांचा धीर. घरांतील मुलाचें खेळण्यांतलें विमान मोडलें, तर नवें आणण्याआधीं त्याच्या हातीं गोंदाची बाटली द्यावी, एवढीच माझी विनंती.